मावशीचे 'निधान'

माझ्या गाण्याच्या वर्गात शिरले की डाव्या हाताला दोन तंबोरे, एक पेटी आणि तबल्याची जोडी दिसते. आणि उजव्या हाताला, खिडकीखाली, एक जुने पायमशीन दिसते. काळ्या रंगाचे, सोनेरी नक्षी अर्धीअधिक झिजलेले, खाली ओतीव लोखंडाची जाळीदार घोडी असलेले. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याची आई हमखास विचारते, "सर, हे इथे कसे?" कुणाला वाटते जागेची अडचण असेल, कुणाला वाटते आमच्या सौभाग्यवतींचे असेल. आजवर मी हसून वेळ मारून नेत आलो. "जुनी वस्तू आहे, टाकवत नाही," एवढेच म्हणत असे. हे उत्तर खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते.

गेल्या गुरुपौर्णिमेला वर्गातल्या एका मुलीने माझा परिचय करून दिला. माझ्या गुरूंची नावे तिने अदबीने, क्रमाने सांगितली. प्रथम वडील, मग ज्यांच्यापाशी पुढे शिकलो ते दोघे बुवा. प्रत्येक नावाला मी रिवाजाप्रमाणे कानाच्या पाळीला हात लावला. यादी संपली तेव्हा मात्र मन खट्टू झाले. एक नाव राहिले होते. चूक त्या मुलीची नव्हती. यादी मीच लिहून दिली होती. तीस-बत्तीस वर्षे मी ती तशीच देत आलो आहे. म्हणून हे पुरते उत्तर आज लिहावयाचे ठरविले.

वडील दरबारी गवई होते असे सांगितले की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे जरीचा फेटा आणि झुंबराखालची बैठक उभी राहते. एके काळी ती असेलही. संस्थाने १९४८-४९ च्या सुमारास विलीन झाली, तरी कोठे कोठे वाड्यावरच्या पूजेअर्चेबरोबर गाण्याची चाकरीही चालू राहिली होती. आमचे नाना, म्हणजे वडील, त्या उतरत्या काळात, ऐन विशीत, अशा चाकरीला लागले. पुढे १९७१ साली घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि नानांची जागाही गेली. माझा जन्म त्यानंतर आठ वर्षांनी झाला. त्यामुळे मी पाहिले ते नाना दोन-चार शिकवण्या करणारे, वर्षातून काही वेळा धारवाडच्या आकाशवाणीवर गाणारे आणि तरीही दरबारात बसल्यासारखे ताठ बसणारे.

आम्ही तिघे भावंडे, मी शेंडेफळ. दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येई. नाना काही न बोलता सही करीत आणि आत निघून जात. आई ते पैसे डब्यात ठेवताना "उणकलचे आले" एवढेच म्हणे. उणकलला आपली काही जमीन असावी आणि तिचा खंड येत असावा, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

उणकल हे आईच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या मावशीचे गाव. धारवाडहून हुबळीकडे जुन्या पुणे-बंगळूर रस्त्याने जाताना, हुबळी येण्याच्या आधी मोठा तलाव लागतो, तो उणकलचा. गावात चंद्रमौळेश्वराचे चालुक्यांच्या काळातले दगडी देऊळ आहे, त्याला चारही दिशांना दारे आहेत. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. तिकडच्या मराठी घरांना दोन्हीकडचे वारे लागलेले. मावशीची मराठी खास त्या मातीतली, तीत 'की' आणि 'बघ' फार, आणि मधूनच एखादा कानडी शब्द पाहुण्यासारखा येऊन बसे. काका हुबळीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. सदर्न मराठा रेल्वेच्या अमदानीत, १८८५ साली, उभा राहिलेला तो कारखाना. त्याच्या भोंग्यावर मावशीची चूल पेटे. काका १९६८ साली अकाली गेले. मूलबाळ नव्हते. वर्ष सरायच्या आत मावशीने एक वापरलेले सिंगरचे पायमशीन हप्त्याने घेतले, आणि पुढे चाळीसएक वर्षे ते थांबले नाही. सारे उणकल तिला 'मशीनअक्का' म्हणून ओळखे.

हप्त्याने मशीन घेणारी ती काही पहिली बाई नव्हे. अमेरिकेत एलियास हाऊने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या यंत्राचे. सिंगरच्या कंपनीने ते हप्त्यांवर विकावयास काढले आणि ज्यांच्याकडे रोख पैका नव्हता त्यांच्याही घरांत ते शिरले. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची 'उषा' निघाली आणि शिवणयंत्र पुरते देशी झाले. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याशी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायको हाताने टाके घालून शिणते हे पाहून सिंगरने हे यंत्र काढले, म्हणजे त्याच्या मुळाशी प्रेम आहे, असे त्यांनी सांगितले.

आपल्या शहरातल्या जुन्या घरांतून तरी हे यंत्र कोठे नव्हते? वाचकांपैकी पुष्कळांच्या माजघरात ते असेल. आता त्याच्यावर चादर टाकून टीव्ही ठेवला असेल, किंवा ते माळ्यावर गेले असेल. पुण्याला १९०९ साली सेवासदन निघाले, तेथे रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखाली बायकांना इतर विद्यांबरोबर शिवणकामही शिकवीत. तेव्हापासून शिवणे येणे हा सुनेचा गुण ठरला. पण आपल्या घरांनी एक रेघ आखून ठेवली होती. घरच्यांसाठी झबली, टोपडी, परकर, अभ्रे शिवले तर ती कला. तेच चार आणे घेऊन शेजारणीसाठी शिवले तर ती कमाई, आणि ती बाहेर बोलावयाची नाही. कित्येक घरांत मुलांच्या फिया आणि म्हाताऱ्यांची औषधे त्या यंत्रातून निघाली. जन्मभर त्याला नाव मात्र 'विरंगुळ्याचे शिवण' असेच होते.

माझे शिकणे १९९२ सालचे. मी तेरा वर्षांचा होतो आणि माझा आवाज फुटला होता. गवयाच्या घरात मुलाचा आवाज फुटणे म्हणजे काही महिन्यांचे सुतकच. नानांनी शिकवणी थांबविली. "गळ्याला विश्रांती," एवढेच म्हणाले. पण घरात रियाज चालू असता मी मुकाट्याने भिंतीला टेकून बसे, ते आईला बघवेना. परीक्षा संपताच तिने मला लाल बसमध्ये बसवून उणकलला धाडले.

पहिले दोन दिवस मी तलावाच्या काठी हिंडून काढले. तिसऱ्या दिवशी मावशीने मशीनच्या स्टुलावर हात थापटला. "गळा बसला तर काय झालं रे? पाय आहेत की. ये, बैस."

"मुलगे कुठे शिवतात?"

"मग तुझ्या सदऱ्याचा शिंपी कोण, बाई होती होय?" ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते.

आरंभी तिने दोरा दिलाच नाही. माझ्या जुन्या वहीची रेघांची पाने फाडून घेतली आणि रिकाम्या सुईखाली सरकविली. रेघेवरून सुई चालवावयाची, भोके एका ओळीत आणि सारख्या अंतरावर पडली पाहिजेत, हाच पहिला पाठ. ऐकावयास सोपे, करावयास बसलो तेव्हा घाम फुटला. वरचे लहान चाक हाताने आपल्याकडे ओढून गती द्यावयाची आणि तीच गती पायाने सांभाळावयाची. टाच आणि चवडा आळीपाळीने दाबला जावा लागतो. चवडा क्षणभर लवकर पडला की चाक उलटे फिरते. दोरा घातलेला असता तर तुटलाच असता. मी जोर करी तो चाक मागे जाई, घाई करी तो कागद फाटे. आणि मावशी पलीकडे काज करीत बसलेली, मान वर न करता म्हणे, "निधान... निधान..."

मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेले धन. देवघरातल्या ओव्या-अभंगांतून हा शब्द माझ्या कानांवर लहानपणापासून पडलेला. मला वाटले, मावशी लाडाने मला निधान म्हणते आहे, किंवा त्या यंत्राला म्हणते आहे. तीन दिवस मी त्या कौतुकावर पाय चालविला. चौथ्या दिवशी ती शेजारच्या दुडदुडत्या पोराला तेच म्हणाली आणि मी विचारले, तेव्हा मावशी पोट धरून हसली. "अरे, कानडीत निधान म्हणजे सावकाश!" मग डोळे पुसून म्हणाली, "आणि तुझं मराठीतलं पण खरंच की. सावकाश जातो त्याला सापडतं ते."

आठ दिवसांनी एकदा भोके सरळ पडली. त्या वेळी मला जे कळले ते पुढे कित्येक वर्षे मी विद्यार्थ्यांना तबल्यावर बोट ठेवून शिकवीत आलो आहे, पण ते तबल्याने मला शिकविलेले नाही. पायाखालचे मोठे चाक एकदा फिरते तेवढ्यात वरचे लहान चाक कितीतरी फेरे घेते आणि तितके टाके पडतात. टाके भरभर पडावे म्हणून पाय भरभर मारावयाचा नसतो. पाय संथच हवा, खालची लय ठाय हवी; वरची दुगुण-चौगुण तिच्यातून आपसूक निघते. नाना हेच विलंबित गाताना सांगत, पण तोवर ते माझ्या कानाशीच होते. उणकलला ते पायांत उतरले.

मग दोरा आला. वरचा दोरा सुईतला, खालचा बॉबीनचा. दोघांची गाठ कापडाच्या पोटात, बरोबर मध्ये पडावयास हवी. वरचा ताण अधिक झाला की खालचा दोरा वर डोकावतो, सैल पडला की खालच्या बाजूला फासे लोंबतात. मावशी टाका पाहावयाची तो उलट बाजूने. "वरून काय, सगळंच छान दिसतं," असे ती म्हणे. तंबोरा लावताना खुंटी जशी केसभर फिरवितात तसा ताणाचा स्क्रू ती केसभर फिरवी आणि एका चिंधीवर टाका घालून बघे. नानांना मी जन्मभर तारा जुळविताना पाहिले होते. तीच नजर मावशीच्या डोळ्यांत पाहून मी चकित झालो.

तिच्याकडे येणारे काम बहुतेक चोळ्यांचे. गुळेदगुड्डचे खण, आपल्याकडच्या बायका ज्यांच्यासाठी जीव टाकतात ते, तिकडे बागलकोटच्या बाजूला विणले जातात. मावशी खणावर कातर चालविण्यापूर्वी तो दोनदा अंगावर धरून पाही, काठ दोन्ही बाह्यांवर सारखा यावा म्हणून. "बेतणं हेच शिवणं, टाके तर मशीन घालतं," हे तिचे दुसरे सूत्र. हुबळीत मराठी बोलणारी नामदेव शिंपी आणि भावसार मंडळी पुष्कळ. त्यांतल्या एका म्हाताऱ्या कारागिरापाशी ती बेतणे शिकली होती. ह्याबद्दल आमच्यातल्या कुणी नाक मुरडले की ती म्हणे, "नामदेवरायाला चाललं ते मला चालत नाही होय?" नामदेवांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि तेथे गज, कातर, सुई नि दोरा हीच त्यांनी भक्तीची साधने केली आहेत, हे मला पुढे कळले. मावशीला ते ठाऊक होते की नाही कोण जाणे. तिला नामदेव पुरेसे होते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिने मला बरोबर घेऊन पोस्ट गाठले. खिडकीशी मनिऑर्डरचा फॉर्म घेतला आणि चष्मा घरी राहिला म्हणून माझ्या हाती दिला. "लिही." मी दौत-टाकाच्या ऐटीत पेन सरसावले. "दोनशे रुपये लिही." लिहिले. "आता नाव." आणि तिने माझ्या वडिलांचे नाव, आमचा पत्ता, एकेक शब्द सावकाश सांगितला.

मी लिहीत राहिलो. एका चोळीची शिलाई ती दहा रुपये घेई, हे मला आता ठाऊक होते. दोनशे म्हणजे वीस चोळ्या. एका चोळीला तिचा अर्धा दिवस जाई, तेही रात्री दिवा लावून बसली तर. उणकलला आपली जमीन नव्हती. जे काही होते ते त्या ओतीव लोखंडाच्या घोडीवर उभे होते, आणि नानांचा फेटा, माझी फी, आमच्या घरातला तंबोरा हे सारे त्यावर चालले होते.

परतताना तलावाच्या बांधावर ती म्हणाली, "तुला कळलं म्हणून नानांना सांगू नकोस. गाणाऱ्याचा गळा मानावर असतो बघ. तो मोडला तर मग काय उरलं?" मी मान हलविली. चष्मा ती खरोखर विसरली होती की नाही, हे मी तिला कधीच विचारले नाही.

त्याच संध्याकाळी तिने काढले, "नानांच्या तंबोऱ्याला गवसणी शिवू." नानांच्या तंबोऱ्याची गवसणी दरबारच्या वेळची, जांभळ्या मखमलीची होती. अस्तर विरलेले, भोपळ्यापाशी मखमल फाटलेली आणि आईने ठिगळ लावलेले. पण नाना ती बदलू देत नसत. ह्या गवसणीवर ते काय म्हणतील, याची मला धास्ती होती. मावशीने मात्र आईला पत्र टाकून माप मागविले. आईने भोपळ्याचा घेर आणि दांडीची लांबी दोऱ्याने घेऊन, गाठी मारून, तो दोराच पाकिटात घालून पाठविला.

कापड आणावयास आम्ही बेंगेरीला गेलो. तेथे खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे, १९५७ साली स्थापन झालेला. मावशीने जाड, मातकट रंगाची खादी पसंत केली. "मखमल मान देते, खादी टिकते," म्हणाली. बेतले तिने. शिवण माझ्याकडे.

सरळ शिवण सोपी. गवसणीत सगळी परीक्षा भोपळ्याच्या गोलाईची. कापड दोन्ही हातांनी वळवीत न्यावयाचे आणि पाय असा संथ ठेवावयाचा की टाका ना दाटावा ना लांबावा. तीन हिस्से गोलाई नीट पार पडली. चौथ्या हिश्शाशी मला शेवट दिसू लागला आणि मी पाय जरा जोरात टाकला. सुई थेट डाव्या हाताच्या तर्जनीत. मावशीने चाक हाताने उलटे फिरवून सुई वर काढली, हळद दाबली, आणि रक्ताचा डाग लगेच थंड पाण्याने धुऊन काढला. रागावली नाही. "शेवट दिसला की निधान सुटतं," एवढेच बोलली. दुसऱ्या दिवशी मी ती शिवण उसवावयास निघालो तर म्हणाली, "असू दे. पक्की आहे. कुठे चुकलास ते तुला दिसत राहील."

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाना आले. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० सालचे; तेथे ध्वनिमुद्रण असले की नाना आदल्या दिवशी उणकलला मुक्काम करीत. त्या घरात एक नियम न सांगता पाळला जाई: नानांचा षड्ज लागला की मावशीचा पाय थांबावयाचा. मग साचलेले काम ती रात्री अकरानंतर काढी आणि आम्ही झोपेत खटखट ऐकत असू. आणखी एक गोष्ट. जवारी काढावयास तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सारावा लागतो. नाना त्यासाठी मला आत पाठवीत, "दोरा आण रे जरा." मावशी रिळाचा बोटभर दोरा तोडून देई. वर्षानुवर्षे तो दोरा तिच्या रिळाचा होता. नाना स्वतः कधी मागावयास आत आले नव्हते.

मावशीने नवी गवसणी पुढे ठेवली. नानांनी ती घातली. बेताची बसली. मग त्यांनी विचारले, "कोणी शिवली?"

"पोरानं," मावशी म्हणाली.

नानांनी गवसणी काढली आणि उलटी केली. शिवणकामातले त्यांना काही कळत नव्हते. पण त्यांनी डोळे अर्धवट मिटले आणि अंगठा शिवणीवरून सावकाश फिरवीत नेला, दांडीवरून खाली, मग गोलाईवर. एका ठिकाणी अंगठा थांबला. "इथे लय सुटली," ते म्हणाले. बरोबर तीच जागा. मी बोट मागे लपविले. "बाकी ठाय चांगली धरली आहेस," असे म्हणून त्यांनी गवसणी पुन्हा तंबोऱ्यावर चढविली. जुन्या मखमलीची घडी करून ती मावशीपुढे धरली आणि म्हणाले, "अक्का, याचे काही होईल का?" मावशीने तिची मशीनच्या डोक्यावर घालावयाची टोपी शिवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना ओसरीवर तंबोरा जुळवीत बसले. आत मावशी एका लग्नघरच्या चोळ्यांवर बसली होती. षड्ज लागला तसा तिचा पाय थांबला. तारा दोनदा छेडल्या गेल्या आणि मग त्याही थांबल्या. नाना उठून माजघराच्या दारात आले. "अक्का, दोरा द्या जरा," म्हणाले. तिने तोडून दिला. तो बोटाभोवती गुंडाळीत ते क्षणभर तसेच उभे राहिले.

"थांबलात का? चालू द्या," ते म्हणाले. "त्याच्यावरच तर चालले आहे."

एवढेच. मावशीने खाली पाहिले आणि पाय टाकला. त्या सकाळी नाना तोडी गायले, आणि आत मशीन चालू होते. माझ्याजवळ त्याचे ध्वनिमुद्रण नाही.

नाना २००४ साली गेले, मावशी २०१३ साली. मनिऑर्डर माझ्या मोठ्या भावाला नोकरी लागली तेव्हा मावशीनेच बंद केली; आम्ही उलट पाठवू लागलो ती तिने दोनदा परत केली. मशीन मात्र तिने मला दिले, मखमलीच्या टोपीसकट.

गेल्या वर्षी उणकलला गेलो होतो. हुबळी-धारवाड रस्त्यावर आता 'चिगरी' नावाच्या वेगवान बस धावतात. तलावाकाठी बाग झाली आहे. उणकललाच गंगूबाई हनगलांच्या नावाचे गुरुकुल आहे आणि तेथे मुले गुरूपाशी राहून गाणे शिकतात. गंगूबाई स्वतः हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे आगगाडीने शिकावयास जात. त्या वाटेवर आता मुलांना गाणे शोधत गाडीने जावे लागत नाही, हे पाहून बरे वाटले.

बेंगेरीलाही गेलो. ज्या संघातून आम्ही गवसणीची खादी घेतली, तेथे या शतकात राष्ट्रध्वज तयार होऊ लागला. मानक ब्यूरोची मान्यता घेऊन तो तेथून देशभर जातो. सहा इंच बाय चार इंचांपासून एकवीस फूट बाय चौदा फुटांपर्यंत नऊ ठरीव आकार, चक्राचे चोवीस आरे दोन्ही बाजूंनी एकावर एक यावयास हवेत, शिवण तसूभर हलता कामा नये. हे काम करणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया आहेत. हाताने कातलेले, हाताने विणलेले कापड शेवटी शिवणयंत्राखालीच येते. गांधीजींनी केलेला अपवाद असा कामी आला. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या ध्वजांनाही मुभा मिळाली, तेव्हा ह्या संघाने त्याविरुद्ध आवाज उठविला होता. ध्वजाला वंदन करताना आपण वर पाहतो, तेच योग्य. पण ती शिवण कुणाच्या हातची, हे एकदा उलट बाजूनेही पाहावे असे मला तेथे वाटले. मावशी टाका तसाच पाहावयाची.

आपल्या घराण्यांच्या कथांत गुरूने किती वर्षे तपश्चर्या केली, शिष्याने किती पाणी भरले, हे सारे असते. त्या वर्षांत घरात दाणे कोठून आले, हे बहुधा नसते. बहुतेक ठिकाणी ते कुणा आईच्या, मावशीच्या, वहिनीच्या हातून आले, आणि तिने ते 'विरंगुळा' म्हणून सांगितले. त्यांनी झाकले ते आमचा मान राहावा म्हणून. आम्ही झाकीत राहिलो, त्याला मात्र दुसरे नाव आहे.

माझ्या वर्गातल्या मुलांना हल्ली मी लयीचा पहिला पाठ खिडकीखाली देतो. रेघांचा कागद, बिनदोऱ्याची सुई. पहिल्या दिवशी चाक मागे जाते आणि सारी हसतात. तंबोऱ्यांच्या गवसण्या आम्ही येथेच शिवतो. ज्याचा तंबोरा त्याने शिवावयाची. नानांच्या तंबोऱ्यावर अजून मातकट खादीची जुनीच आहे. गोलाईवर एका जागी टाके दाटलेले आहेत. ती जागा मी प्रत्येकाला अंगठ्याने शोधावयास लावतो.

परवा एका नव्या मुलीची आई दारात थबकली आणि म्हणाली, "सर, हे मशीन इथे कसे?"

मी कानाच्या पाळीला हात लावला. "माझ्या मावशीचे," म्हटले. "या, बसा. सांगतो."